आमची कन्फेशन रूम

ज्या घरात सहा माणसं, दोन खोल्या आणि एक न्हाणीघर आहे, त्या घरानं रात्री नऊ वाजता बिग बॉस का लावावा, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही. भांडण घरात आहे. नॉमिनेशन रोज फजरनंतर होतं, दूध आणायला कोण जाणार या मुद्द्यावर. कॅप्टन तर आमच्या लग्नाच्या आधीपासून ठरलेला आहे. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, गेली कित्येक वर्षं बिनविरोध कॅप्टन आहेत आणि त्यांना इम्युनिटी मिळवण्यासाठी चिखलात लोळावं लागत नाही. तरीही नऊच्या ठोक्याला सगळे टीव्हीसमोर. दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघण्यात जी चव आहे, ती स्वतःच्या घरातल्या भांडणात नाही.

वाचकहो, 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटीच, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नव्यांसाठी खुलासा: घरात आमचं ऐकणारं एकही माणूस नसल्यामुळे संपादकांनी या पानापुरतं आम्हाला बहुवचन बहाल केलं आहे.

हा खेळ मूळचा हॉलंडचा. 1999 च्या सप्टेंबरात जॉन डी मोल नावाच्या निर्मात्यानं काही अनोळखी माणसं एका घरात कोंडली, भिंतीभिंतीला कॅमेरे लावले आणि त्याला 'बिग ब्रदर' नाव दिलं. नाव उचललं ते जॉर्ज ऑर्वेलच्या 1949 सालच्या कादंबरीतून. तिथला बिग ब्रदर म्हणजे प्रत्येकाच्या घरात डोकावणारी, थरकाप उडवणारी सत्ता. लेखकानं ज्या गोष्टीची भीती घातली, तिचीच टीव्हीवाल्यांनी करमणूक केली आणि आपण त्यात जाहिरातीसुद्धा बघितल्या. आपल्याकडे हिंदीत 2006 च्या नोव्हेंबरात सुरुवात झाली. तेव्हा सलमान नव्हता, अर्शद वारसी होता. मराठीत 2018 साली महेश मांजरेकर घेऊन आले आणि मेघा धाडे जिंकली. ते घर लोणावळ्यात होतं. हिंदीचेही बरेच सीझन तिथेच झाले. म्हणजे दिघीहून कासारवाडीला जाऊन लोकल पकडली की झालंच! अम्मींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इतने पास में है, तो जाके समझाता क्यूं नहीं कोई इन लोगां को?"

आमच्या घराच्या इतिहासात एक तारीख मात्र कोरली गेली आहे. 12 फेब्रुवारी 2023, रविवार. हिंदीच्या सोळाव्या सीझनचा शेवट. शेवटच्या दोघांत एका बाजूला अमरावतीचा शिव ठाकरे, जो 2019 मध्ये मराठी बिग बॉस जिंकून तिथे गेला होता. दुसऱ्या बाजूला पुण्याच्या ताडीवाला रोडचा अल्ताफ, जगाच्या लेखी एमसी स्टॅन. आता आमचा भाचा, म्हणजे मोठ्या बहिणीचा मुलगा, ताडीवाला रोडचाच. तो भोसरीच्या एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागला आणि आठवड्याचे सहा दिवस आमच्याकडे राहू लागला. त्या रात्री तो सातवा दिवसही राहिला. त्याचं म्हणणं असं की स्टॅन त्याच्या गल्लीतला. चौकशी केल्यावर गल्ली शेजारची निघाली. मग शेजारचीही नाही, 'त्याच साइडची' निघाली.

अम्मी मात्र शिवच्या पार्टीत. "कैसा सीधा पोरगा है. बड्यों से बात करता तो नजर नीची रखता." आमची मुलगी तेव्हा आठवीत, ती स्टॅनकडे. आमचे हे दुसऱ्या पाळीवरून आलेले नव्हते, पण चाकणहून कंपनीच्या बसमधून दर दहा मिनिटांनी मेसेज: 'कोण गेलं?' बसमध्येही म्हणे दोन तट पडले होते आणि ड्रायव्हर शिवकडे असल्यामुळे कुणी फार बोलत नव्हतं.

मध्यरात्र उलटल्यावर स्टॅनचा हात वर गेला. 31 लाख 80 हजार रुपये आणि वर मोटार. भाचा असा नाचला की खालच्या मजल्यावरून छत ठोकलं गेलं. अम्मी दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "दोनों अपनेच तो हैं." पुण्याचा हरला नाही, अमरावतीचा हरला नाही, हे गणित त्यांनी कसं जमवलं ते त्यांनाच माहीत. पण मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरात त्या रात्री खरोखर कुणी हरलं नव्हतं. त्या दोघांची दोस्ती महाराष्ट्रानं महिनोन्महिने बघितली होती. एक आपलं मराठी सोडत नव्हता, दुसरा बस्तीची बोली सोडत नव्हता, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. आमच्या दिघीच्या जिन्यात रोज हेच चालतं. त्याला मात्र कुणी ट्रॉफी देत नाही.

स्टॅनचे ऐंशी हजारांचे बूट तुम्हाला आठवत असतीलच. त्यानंतर महिनाभर आमचा मुलगा मॅगझीन चौकातल्या चपलांच्या दुकानासमोरून जाताना मान फिरवून जायचा. आम्ही त्याला समजावलं की बेटा, ऐंशी हजारांत तुझ्या सात पिढ्यांच्या चपला येतील. तो म्हणाला, "अम्मी, मग सात पिढ्यांच्या एकदमच घ्या."

पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, मराठीचा पाचवा सीझन रितेश देशमुखनं केला आणि 6 ऑक्टोबरला बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. बक्षीस 14 लाख 60 हजार. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात मराठीच्या तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, सूरजदादाला नीट वाचतापण येत नाही, तरी जिंकला. मग शुद्धलेखन कशाला?" पूर्ण वर्ग आमच्याकडे बघतोय. आम्ही विचारलं, "घरात टास्कचं पत्र आलं की सूरज काय करायचा?" पोरं म्हणाली, "दुसरे वाचून दाखवायचे." आम्ही म्हटलं, "आणि वाचणाऱ्यानं मुद्दाम चुकीचं वाचलं असतं तर?" वर्ग शांत. मग मागून तोच आवाज: "टीचर, मग तो कॅमेऱ्यात सापडला असता ना!" या पिढीला पडताळणीसाठी साक्षीदार लागत नाही, फुटेज लागतं. शुद्धलेखनाचा तास आम्ही तरीही घेतला.

त्याच सीझनमध्ये दुसरा आला अभिजीत सावंत. आमच्या मुलीला हा कोण ते ठाऊक नव्हतं. अहो, 2005 च्या मार्चमध्ये पहिला इंडियन आयडॉल झालेला अभिजीत! तेव्हा एसएमएस करून मत द्यायचं असायचं. आमच्या बिल्डिंगीत दोनच मोबाइल होते आणि त्या मोबाइलवाल्यांच्या घरी आम्ही बायका भजी घेऊन गेलो होतो, फुकट मत मागायला. एका मताला एक प्लेट. 2005 हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं असं आहे, पण ते पुढे सांगू. आधी वरच्या मजल्यावर जाऊन येऊ.

वर एक नवं जोडपं भाड्यानं राहतं. शादी होऊन वर्षही नाही. एका संध्याकाळी मगरिबनंतर दुल्हन आमच्याकडे दालच्याचा डबा घेऊन आली. दालचा म्हणजे निमित्त, हे आम्ही ओळखलं. तक्रार अशी: नवऱ्यानं तिच्या फोनचा पासवर्ड मागितला, तिनं दिला. तिनं त्याचा मागितला, तर तो म्हणाला, "माझा कंपनीचा फोन आहे." कंपनीच्या फोनवर क्रिकेटचे तीन गट आणि रीलचा ढीग आहे, हे तिनं दुरून बघितलेलं. "आपा, मला काही लपवायचं नाही. पण मग त्याला काय लपवायचंय?"

आमच्या घरात हा मुद्दा पडायचा अवकाश, लगेच दोन टीम. अम्मी: "हमारे जमाने में फोनच नहीं था, तो झगडा काहे पे करते?" (खोटं. अम्मी आणि मरहूम अब्बा यांची भांडणं अख्ख्या दिघीला माहीत होती. विषय बदलत गेले, आवाज तोच राहिला.) आमची मुलगी: "पासवर्ड मागणंच टॉक्सिक आहे." हा शब्द तिला कुठून मिळाला ते विचारू नका, हल्ली आमची भाजीही टॉक्सिक असते. भाचा म्हणाला की आधी नवऱ्यानं द्यावा, कारण कॅप्टननं आधी उदाहरण घालून द्यायचं असतं. आमचे हे काही बोलले नाहीत, फक्त स्वतःचा फोन उचलून चार्जिंगला दुसऱ्या खोलीत ठेवून आले. ते का, हे आम्ही विचारलं नाही. आमच्या स्वतःच्या फोनमध्ये काय आहे म्हणता? दहावीचे पेपर, तीनशे 'जुम्मा मुबारक' आणि बहिणीशी झालेलं सासरविषयक संभाषण. तिसऱ्या कारणासाठी आमचा पासवर्ड आठ आकडी आहे.

तेव्हा आम्हाला हिंदीचा सतरावा सीझन आठवला. 2023 च्या ऑक्टोबरात अंकिता लोखंडे आणि तिचा नवरा विकी जैन जोडीनं त्या घरात गेले. जिथे नवरा-बायकोचं कुजबुजणंही माइकमध्ये जातं, तिथे जोडीनं जायचं! पुढे रोजची भांडणं सगळ्या देशानं बघितली, आणि समजूत घालायला दोघांच्या आयांना बोलावण्यात आलं. सासूबाई टीव्हीवर सुनेला चार गोष्टी सांगत होत्या त्या आठवड्यात आमच्या जिन्यातल्या एकाही सुनेनं टीव्हीचा आवाज कमी केला नाही, आणि एकाही सासूनं रिमोट सोडला नाही. चूक कुणाची, यावर आमच्या बचत गटात ठराव मांडायचं तेवढं बाकी होतं. आमचं मत विचाराल तर ना नवऱ्याची, ना बायकोची, ना आईची. अहो, त्या घरात दार लावून भांडायला जागाच नाही. रागावून फेऱ्या माराव्यात तर लॉन, आणि लॉनवरही कॅमेरा. भांडण मिटायला जेवढी खासगी जागा लागते, तेवढी त्या बंगल्यात नव्हती. ती आमच्या वन रूम किचनवाल्या जोडप्याकडे आहे. दाराला कडी आहे.

आणि कडीवरून आठवलं. सूरह नूरमध्ये घरच्या लहान मुलांनीसुद्धा तीन वेळा परवानगी मागून आत यावं असं सांगितलं आहे: फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून पडण्याच्या वेळी आणि इशानंतर. चौदाशे वर्षांपूर्वी, जेव्हा दाराला धड पडदाही नसायचा. सूरह हुजुरातमध्ये तर टेहळणी आणि गीबत एकाच आयतीत एकामागोमाग मना केल्या आहेत. हे क्रमानं येणं आम्हाला फार पटतं, कारण आधी माणूस दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावतो आणि मगच त्याला बोलायला विषय मिळतो. दुल्हनला आम्ही एवढंच म्हटलं की पासवर्ड दोघांनी द्या किंवा दोघांनी ठेवा. एका बाजूनं कॅमेरा असलेलं घर फक्त लोणावळ्यात चालतं. ती गेली. दालच्याचा डबा राहिला. तो परत द्यायला वर जावं लागणार, म्हणजे पुढचा एपिसोड बघायला मिळणार, असं मुलगी म्हणाली. आम्ही तिला गीबतवाली आयत पुन्हा ऐकवली आणि डबा स्वतः घेऊन गेलो.

सगळाच रिअ‍ॅलिटी शो वाईट असं मात्र आम्ही म्हणणार नाही. दिघीहून सरळ गेलं की आळंदी. 2009 साली झी मराठीच्या सारेगमप लिटिल चॅम्प्समध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा हा सगळा रस्ता खूश होता. त्या पाच पोरांपैकी मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे यांनी पुढे 2023 च्या डिसेंबरात लग्न केलं. चौदा वर्षांनी! मुग्धा त्या पाचांत इतकी लहान की गाताना माइकच मोठा वाटायचा. अम्मींचं यावर मत: "देखो, रिश्ता ऐसा होना. बचपन से सुर देखा, मिजाज देखा, फिर हां बोला." आम्ही विचारलं, "अम्मी, तुम्ही आम्हाला बघायला आलात तेव्हा किती वेळ बघितलं होतं?" त्या म्हणाल्या, "चाय आने तक." चहा लवकर आला होता, हे आम्हाला चांगलं आठवतं. आम्हीच केला होता.

आता मुख्य गोष्ट. आमच्या नणंदेची मुलगी भोसरीत राहते. बी.फार्म. झाली आहे, औषधांच्या दुकानात नोकरी करते. तिला एक रिश्ता आला आहे. मुलगा चाकणला एका कंपनीत, दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर. घरचे लोक चांगले. बघायला आले, समोसे झाले, मुलाच्या आईनं विचारलं, "रील वगैरे करत नाही ना?" मुलीनं सांगितलं, नाही. "टीव्ही?" मुलगी म्हणाली, "बिग बॉस बघते." मुलाची आई हसून म्हणाल्या, "हम भी." वातावरण इतकं मोकळं झालं की नणंदेनं दुसरी प्लेट भरली. आणि तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मलाही काही विचारायचं आहे. पण एकटीला."

समोसा हातातच राहिला. काका खोकले. नणंद आमच्याकडे बघू लागली, कारण घरात शिकवलेलं माणूस आम्हीच, आणि पोर बिघडली की दोष शिक्षणाचा.

मुलगी आम्हाला स्वयंपाकघरात म्हणाली, "मामी, बिग बॉसमध्येसुद्धा कन्फेशन रूम असते. एकटं बोलायला बोलावतात. आणि मला आयुष्यभराच्या घरात पाठवताय, तर पंधरा मिनिटं देत नाही?" तिला काय विचारायचं होतं, तेही तिनं सांगितलं. लग्नानंतर नोकरी चालू राहील का. दोघांचा पगार कुणाच्या हातात जाईल. मेहर किती आणि केव्हा. आणि चौथा प्रश्न: तुम्हाला मी पसंत आहे, की तुमच्या अम्मीला?

आता विचार करा. आपल्याकडे मुलीला विचारलं जात नाही असं नाही. विचारलं जातं. वकील दोन साक्षीदार घेऊन जनानखान्यात जातो आणि कबूल आहे का, असं अदबीनं विचारतो. पण केव्हा? बाहेर मंडपात तीनशे माणसं बसली आहेत, देग उतरली आहे, बिर्याणीचा वास अख्ख्या गल्लीत, नवरदेव सेहऱ्यात घामाघूम. अशा वेळी कुठली मुलगी म्हणेल, थांबा, मला चार प्रश्न आहेत? ही कन्फेशन रूम फिनालेच्या रात्री उघडते. सही बुखारीत हजरत खन्सा बिन्त खिदाम यांची गोष्ट आहे. वडिलांनी मर्जीविरुद्ध निकाह लावून दिला, त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या, आणि तो निकाह रद्द केला गेला. म्हणजे एकट्या बाईचं म्हणणं ऐकून घ्यायची रीत आपल्यात टीव्ही येण्याच्या पुष्कळ आधीची आहे. आम्ही ही गोष्ट बाहेर येऊन काकांना सांगितली. काका म्हणाले, "ते ठीक आहे, पण समोसे गार होताहेत."

तर ते 2005 साल. त्याच वर्षी ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं नमुना निकाहनामा काढला. अभिजीतला मत द्यायला आम्ही भजी तळली होती. तो निकाहनामा वाचायला आमच्या ओळखीतल्या कुणी चहासुद्धा ठेवला नाही. त्या घरात जाणारे स्पर्धक निदान करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवत असतील. आपण निकाहनाम्यावर सही करतो तेव्हा फोटोग्राफर सांगतो, "पेन जरा वर धरा, चेहरा दिसत नाही." कागदावर काय आहे ते नंतर, बहुधा भांडण झाल्यावर, कपाटातून काढून वाचलं जातं. शर्ती निकाहाच्या वेळी लिहून घेता येतात. मेहर किती, नगद की उधार, हेही तिथेच ठरतं. आम्ही भाचीसाठी एक कोरा निकाहनामा आणला आणि स्वयंपाकघरात बसून तिच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतला. अवघड उर्दू शब्दांना खाली मराठी अर्थ लिहून दिला. शिक्षकाची खोड. अम्मी शेजारी लसूण सोलत ऐकत होत्या. मेहरच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मेरे में क्या लिखा था रे?" आमच्या यांनी पेटी शोधली. अम्मींचा निकाहनामा सापडला, घडीवर फाटलेला. मेहर होती पाचशे रुपये, उधार. अम्मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "दिए नहीं उन्ने." आणि मग, "मैं ने माफ करी थी. पूछे थे आखिर में, तो बोली थी." कुणी काही बोललं नाही. टीव्ही चालू होता, पण त्यावर काय चाललं होतं ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मींनी स्वतः नणंदेला फोन लावला. कॅप्टनचा निर्णय: मुलीला पंधरा मिनिटं मिळाली पाहिजेत. दार उघडं, भाऊ बाहेरच्या खोलीत, पण कान बंद. नणंद म्हणाली, "अम्मी, लोग क्या बोलेंगे?" अम्मी म्हणाल्या, "लोगां को बोल, बिग बॉस का आदेश है."

मुलाकडे निरोप गेला आहे. मुलाची आई म्हणाल्या, आम्हाला हरकत नाही, मुलाला विचारून सांगते. त्याला विचारणार हे ऐकून भाचीला जरा बरं वाटलं. उत्तर अजून आलेलं नाही. या आठवड्यात त्याची दुसरी पाळी आहे. चाकणहून बस भोसरीत यायला मध्यरात्र होते, आणि मग तो झोपतो.